स्टिअरिंगवरचे फडके

गाडी जागेवर नव्हती. तिचा फ्यूज मात्र कठड्यावर जसाच्या तसा पडून होता.

मिस्त्रींनी स्कूटर फाटकातच थांबवली आणि इंजिन बंद करायचेही भान न राहता ते त्या इवल्याशा पांढऱ्या नळीकडे पाहत राहिले. चिनी मातीचा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, पोटावर धातूची पातळ पट्टी असलेला तो फ्यूज त्यांनी सकाळी स्वतःच्या हाताने काढून तिथे ठेवला होता. त्याच्या जागी त्यांनी तांब्याची जाड तार पिळून बसवली होती. फ्यूज हा घरातल्या भिडस्त माणसासारखा असतो. भार जरा वाढला की तो स्वतः जळतो आणि बाकीच्यांना वाचवतो. जाड तार तसे काही करत नाही. ती सगळे सोसत राहते, आणि मग घर पेटते.

त्या गाडीला घरात सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीने ही नवी खोड साधारण महिनाभरापूर्वी काढली होती. मागच्या दिव्यांचा फ्यूज मधूनच उडायचा. मिस्त्री नवा बसवायचे, दिवे लावून गाडी पुढे-मागे घ्यायचे, फाटकाच्या उंबरठ्यावर मुद्दाम आदळून बघायचे, तर सगळे ठाकठीक. चार दिवसांनी पुन्हा अंधार. लोकांच्या गाड्या उजळणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार, अशी थट्टा शेजारचा शिंपी रोज करी आणि रोज ती मिस्त्रींना थोडी जास्त लागे. म्हणून आज सकाळी त्यांनी आपल्या उस्तादांची जुनी युक्ती बाहेर काढली होती. फ्यूज उडून जातो म्हणून दोष हाती लागत नाही. तर मग फ्यूजच काढायचा, जाड तार घालायची, एक हात बॅटरीच्या तारेवर ठेवायचा आणि दुसरा वायरिंगवरून फिरवत न्यायचा. जिथे बोटांना ऊब लागेल तिथे दुखणे. उस्ताद याला ‘तारेला बोलतं करणं’ म्हणत. ती बोलली की त्याच क्षणी बॅटरी तोडायची, नाहीतर ती ओरडायला लागते, असेही ते म्हणत.

पण हात फिरवायला सुरुवात करणार, तोच फोन आला होता. शाळेची बस चौकात बंद पडली होती, मुले आत बसून होती. मिस्त्रींनी बॅटरीची तार काढून बाजूला वळवली, हात पुसले आणि हत्यारांची पेटी स्कूटरला अडकवली. निघता निघता त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोला ओरडून सांगितले होते, “म्हातारी दुपारपर्यंत तयार होईल गं.”

आता दुपार झाली होती.

शेजारच्या खिडकीतला शिलाई मशीनचा आवाज थांबला. “काय शोधताय मिस्त्री? म्हातारी गेली फिरायला,” शिंपी डोके बाहेर काढून म्हणाला. “लेक आली होती तुमची. टॅक्सीवाल्यानं आयत्या वेळी हातावर तुरी दिल्या म्हणे. वहिनींच्या पायाचं प्लास्टर काढायचंय ना आज?”

“गाडी चालू कशी झाली?”

“तेच तर सांगतोय. आधी काही म्हणजे काही होईना. साधं टक् नाही. मी म्हटलं, बसा आता बापाची वाट बघत. तर पोरीनं बॉनेट उघडलं, आत हात घातला, काहीतरी पिळलं, आणि म्हातारी उठून उभी. बापाची लेक शोभते हो. आमचा दिवटा बघा, साधा सुईत दोरा ओवता येत नाही त्याला.”

“किती वेळ झाला जाऊन?”

शिंप्याने हातातल्या सदऱ्याकडे पाहिले. “ही बाही जोडून झाली. दुसरी निम्मी.”

दुसऱ्या कोणत्याही घरात निसटलेली बॅटरीची तार ही गाडीला लावलेल्या कुलपासारखीच असते. किल्ली फिरवून गाडी ढिम्म राहिली की माणसे हात झटकतात आणि मेकॅनिकला बोलावतात. पण लेक लहान होती तेव्हापासून मिस्त्रींनी तिला एकच धडा घोकवला होता: गाडी मुकी झाली तर घाबरायचं नाही, आधी बॅटरीची तार बघायची, दहातल्या नऊ वेळा तीच सैल असते. शाळेतल्या पाढ्यांपेक्षा हा धडा तिला पक्का पाठ होता.

त्यांनी फोन काढण्यासाठी खिशात हात घातला, तर फोनच्या आधी हातात आले ते लाल फडके.

त्यांच्या गॅरेजचा एक कायदा होता, तोही उस्तादांकडूनच आलेला. ज्या गाडीत काम अर्धवट राहिले असेल, तिच्या स्टिअरिंगला लाल फडके बांधायचे. फडके असेपर्यंत त्या गाडीत कुणी बसायचे नाही, किल्ली लावायची नाही, दारसुद्धा आपटायचे नाही. आणि ज्याने बांधले त्यानेच ते सोडायचे, दुसऱ्या कुणी नाही. इतक्या वर्षांत हा कायदा कधी मोडला नव्हता. आज सकाळी घाईत त्यांनी त्याच फडक्याला हात पुसले होते, आणि स्टिअरिंगकडे न जाता ते सरळ खिशात गेले होते.

त्यांनी लेकीला फोन लावला. तो वाजत राहिला आणि वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही त्यांचेच शिकवणे. मग बायकोला लावला. क्षणभराने घरातून, बहुधा उशीखालून, दबलेली घंटी ऐकू येऊ लागली. फोन कानाला लावून मिस्त्री अंगणात उभे होते आणि आपल्याच घरातून येणारा तो आवाज ऐकत होते.

त्यांनी मनाला आवरले. घाबरून कुणाचा दिवा लागत नाही. ती तार मागच्या दिव्यांची होती. दिव्याचे बटण दाबले नाही तर तिच्यातून काहीच वाहणार नव्हते. बाहेर लख्ख ऊन होते. भर दुपारी दिवे कोण लावतो? एवढा विचार मनात येतो न येतो, तोच त्यांना बोगदा आठवला. इस्पितळ टेकडीच्या पलीकडे होते. बोगद्याच्या तोंडाशी पाटी होती: ‘दिवे लावा’. सगळे लावत नसत. पण लेक लावणार, अगदी पाटी दिसल्याबरोबर लावणार, कारण ती कुणाची लेक होती ते शिंप्याने आताच सांगितले होते.

“अहो, झालं काय?” शिंप्याने विचारले. त्याचा चेहरा उतरला होता.

“बाही जोड तू,” म्हणत मिस्त्रींनी स्कूटर वळवली.

चौकातल्या सिग्नलला पाय टेकावा लागला तेव्हा त्यांना क्रेनवाला सुचला. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा हा धिप्पाड माणूस दिवसभर बोगद्याच्या तोंडाशी आपली क्रेन लावून बसलेला असे. त्याने नुसता हात आडवा केला तरी काम होणार होते. फोन लागला.

“बोला मिस्त्री. आज कुणाची गाडी मेली?”

“ऐक माझं. माझी गाडी बोगद्याकडे येतेय. मातकट रंगाची. लेक चालवतेय. तिला आत जाऊ देऊ नकोस, थांबव.”

“का हो? रुसून चालली का माहेरहून?”

“गाडीत फ्यूज नाही. दिवे लावले तर पेटेल.”

पलीकडची चेष्टा एकदम थांबली. “मिस्त्री, मी आज पलीकडच्या तोंडाला आहे,” क्रेनवाला हळू म्हणाला. “एक ट्रक आणून सोडला आत्ताच. तुमची गाडी अजून बाहेर आलेली नाही. म्हणजे एकतर अजून तिकडेच असेल, नाहीतर…”

“नाहीतर आत असेल.”

“मी शिरतो आत. आतमध्ये फोन लागत नाही, ध्यानात ठेवा. आणि स्कूटर जपून चालवा, तुम्हालाही ओढून आणायला लावू नका.”

सिग्नल सुटला. मिस्त्री एरवी स्कूटर अशी चालवत की मागची सायकल घंटी वाजवून पुढे जाई. आज ते फळांच्या गाड्याला घासून गेले आणि मागून आलेली शिवी त्यांनी ऐकलीच नाही. डोळ्यांपुढे सारखे म्हातारीचे पोट येत होते. पुढच्या फळीमागून निघालेला वायरींचा जुडगा दाराच्या कडेने, गालिच्याखालून, मागच्या आसनाच्या खाली शिरून डिकीत जात होता. कापडाची पट्टी गुंडाळलेला, जुना, कडक झालेला. त्यात एक तार तापली की शेजारणीचे आवरण वितळते, दोघी मिळून तिसरीला घेऊन बुडतात. त्याच्यावर गालिचा, गालिच्यावर आसनाचा फोम. आणि त्या आसनावर, प्लास्टरमधला पाय आडवा पसरून, बायको.

मागचे डावे दार आतून उघडत नव्हते. हँडल कधीचे तुटले होते. बायको प्रत्येक वेळी आठवण करून द्यायची आणि मिस्त्री प्रत्येक वेळी सांगायचे, “ते फिटरचं काम आहे. माझं काम तारांचं.” पाय लांब करून बसायचे तर ती नेमकी त्याच दाराला पाठ टेकून बसणार होती. उजव्या दारापर्यंत जायचे तर आधी तो जड पाय उचलून वळवायला हवा.

पुलाच्या चढावर स्कूटर दमायला लागली आणि तिथेच त्यांना बायकोचे ते वाक्य आठवले.

मागच्याच आठवड्यात, इस्पितळात पाय दाखवून परत येताना, फ्यूज उडाला होता. घरी उतरता उतरता ती म्हणाली होती, “काही म्हणा, मी मागे बसले की म्हातारी रुसते. सवत मानते मला.” मिस्त्री हसले होते. त्यांनी तिला समजावून सांगितले होते की विजेला माणसे ओळखता येत नाहीत. जिन्यावरून पडून पाय मोडेपर्यंत ती कायम पुढे, त्यांच्या शेजारी बसत आली होती. प्लास्टर घातल्यापासून मागे बसू लागली. प्लास्टर महिनाभरापूर्वीचे होते. खोडही महिनाभरापूर्वीची.

एवढी साधी बेरीज त्यांना जमली नव्हती. शोधताना ते नेहमी एकटे असत आणि चालकाच्या जागेवर बसलेले असत. मागचे आसन रिकामे असे. तिचे वजन पडले की आसनाखालची एखादी स्प्रिंग खाली दबत असणार, तारेला चावत असणार. ती उतरली की स्प्रिंग वर, आणि सगळे ठाकठीक. म्हणजे दोष कधीतरी येणारा नव्हताच. तो बायकोबरोबर गाडीत बसत होता आणि तिच्याबरोबर उतरत होता. आज ती बसली होती, आणि तिला वाचवायला फ्यूज नव्हता. दिवे लावायचा काय तो अवकाश.

बोगद्याच्या अलीकडेच त्यांना गाड्यांची रांग दिसली. रांग हलत नव्हती. काही चालक खाली उतरून माना उंचावून बघत होते. एका टेम्पोवाल्याने डोक्याला रुमाल बांधत त्यांना सांगितले, “जायचं नाव घेऊ नका. आत गाडी बंद पडलीय. जळका वास सुटलाय म्हणतात.”

“कसली गाडी?”

“जुनीच आहे कुठलीतरी. असल्या गाड्या रस्त्यावर आणतातच कशाला लोक?”

मिस्त्रींनी स्कूटर तिथेच टाकली. ठेवली नाही, टाकली. ती आडवी झाल्याचा आवाज त्यांच्या पाठीमागे झाला. बोगद्याच्या भिंतीलगत एका माणसापुरती पायवाट होती. तिच्यावरून ते धावू लागले. आतला उजेड पिवळा आणि मेलेला होता. गाड्यांच्या चालू इंजिनांचा घुमारा छातीवर आदळत होता. तेवढ्यात तो वास आलाच. या वासाबरोबर त्यांनी उभे आयुष्य काढले होते. रबर आणि जुने कापड एकत्र जळल्याचा हा वास त्यांना कधी किळसवाणा वाटला नव्हता, कारण तो नेहमी दुसऱ्यांच्या गाडीतून आला होता. आपण धावतो आहोत आणि पुढे जातच नाही, असे त्यांना वाटू लागले. पुढे क्रेनचा नारिंगी दिवा गरगरत होता. त्याच्या फेऱ्यात म्हातारी दिसायची आणि नाहीशी व्हायची. बॉनेट उघडे. चारही दारे उघडी. आत कुणी नाही.

“या,” अंधारातून आवाज आला. “बसा. दम खा आधी.”

भिंतीतल्या कोनाड्यात, संकटकाळी उभे राहण्यासाठी केलेल्या जागेत, बायको पाय लांब करून बसली होती. प्लास्टरवर काजळीचा ओरखडा होता. शेजारी लेक उभी होती आणि आपला उजवा तळवा डाव्या हाताने दाबून धरत होती. क्रेनवाला पाण्याची बाटली घेऊन ओणवा झाला होता.

त्यांनी बायकोच्या खांद्याला हात लावला, मग लेकीच्या डोक्याला, मग पुन्हा बायकोच्या खांद्याला. नंतर ते गुडघ्यांवर हात टेकून तसेच वाकून राहिले.

“मला काही झालेलं नाही,” बायको म्हणाली. “आत शिरलो, हिनं दिवे लावले, आणि थोड्या वेळानं मला तुमच्या शर्टाचा वास आला.”

“शर्टाचा?”

“तीस वर्षं धुतेय तुमचे शर्ट. आधी वाटलं तुम्हीच मागे येऊन बसलात. मग बुडाखाली गरम लागायला लागलं. म्हटलं, हे काही ह्यांचं काम नाही.”

क्रेनवाल्याला हसू आवरले नाही. लेक हसली नाही.

“आईनं सांगितलं तसं मी बटण बंद केलं,” ती म्हणाली. “ते बंद होईना. आतून वितळून चिकटलं होतं. गाडी कडेला घेतली, आधी बाहेरून दार उघडून आईला ओढून काढलं आणि मग बॅटरीची तार उपटली. पाना सापडला नव्हता म्हणून घरून निघताना हातानंच आवळली होती, म्हणून निघाली तरी. पान्यानं आवळली असती तर…” तिने उघड्या बॉनेटकडे मान वळवली. “फ्यूजच्या जागी तार आहे, बाबा. मी बघितली.”

“मीच घातली होती.”

“ते कळलं मला. दुसरं कोण घालणार? पण फडकं कुठंय? मी आधी स्टिअरिंग बघितलं. फडकं असतं तर मी आईला पाठीवर घेऊन गेले असते पण त्या गाडीला हात लावला नसता. फडकं नव्हतं, म्हणून बॅटरी बघितली. तुम्ही शिकवलंत त्याच क्रमानं बघितलं सगळं.”

मिस्त्रींनी खिशातून लाल फडके काढून पुढे धरले. ते काळ्या हातांचे ठसे उमटून मळले होते. लेक त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावली असती, ओरडली असती, तर त्यांना बरे वाटले असते. तिने नुसते ते त्यांच्या हातातून घेतले, गाडीकडे गेली, आत वाकली आणि स्टिअरिंगला दोन गाठी मारून बांधून आली.

क्रेनवाल्याने म्हातारीला ओढून पलीकडच्या तोंडाशी, झाडाखालच्या मोकळ्या जागेत आणून उभे केले. अडकलेली रांग हळूहळू वाहू लागली. जाणारा प्रत्येक जण मान वळवून बघत होता. बायको आणि लेक क्रेनच्या केबिनमधून आल्या होत्या.

“वहिनी, बसूनच रहा,” क्रेनवाला म्हणाला. “तसंच इस्पितळात नेऊन सोडतो. एवढ्या उंचावरून पेशंट उतरलेला त्यांनीही बघितला नसेल.”

“प्लास्टर कुठे पळून जात नाही,” बायको म्हणाली. “मला खाली घ्या. आधी मला बघायचंय.”

“काय बघायचंय?” मिस्त्रींनी विचारले.

“तुम्ही काय शोधत होतात ते.”

मिस्त्रींनी क्रेनवाल्याची हत्यारे मागून घेतली. गालिचा उलटला. वायरींवरची पट्टी जागोजागी तपकिरी झाली होती, काही ठिकाणी बोटाला चिकटत होती, पण पुढून मागच्या आसनापर्यंत तांबे कुठे उघडे पडले नव्हते. फ्यूजच्या जागेवरून त्यांनी ती जाड तार काढली. ती काळी पडली होती, पण शाबूत होती. त्या जागी त्यांनी दोन छोट्या तारांनी एक बल्ब जोडला. सकाळी हेच करायला हवे होते. काम थोडे जास्त वेळ चालले असते, एवढेच.

“हे बघ,” ते बायकोला सांगू लागले. “आता सगळी वीज या बल्बातून जाणार. सगळं ठीक असलं तर हा नुसता मिणमिणेल. कुठे तार चावली गेली तर हा भगभगीत पेटेल, पण तार तापणार नाही. भार सगळा बल्बावर.”

“म्हणजे फ्यूजसारखंच.”

“फ्यूजसारखंच. फक्त हा मरत नाही, ओरडून सांगतो.”

त्यांनी बॅटरी जोडली. चिकटलेल्या बटणामुळे दिवे चालूच होते. बल्बमध्ये एक लालसर रेघ उमटली आणि तेवढीच राहिली. मिस्त्रींनी मागच्या आसनावर हाताने दाब दिला. काही नाही. लेक आत जाऊन बसली, थोडी हललीही. काही नाही. क्रेनवाला पुढे सरसावला, तसे लेकीने त्याला हाताने थोपवले. “काका, तुम्ही बसलात तर सगळंच चपटं होईल.”

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिले. विचारायचे कसे, ते त्यांना कळत नव्हते. नुकतीच जिथून तिला ओढून बाहेर काढले, त्याच जागी पुन्हा बस म्हणायचे, तेही त्यांनी म्हणायचे.

“ती डाव्या कोपऱ्यात बसते,” ते शेवटी लेकीला म्हणाले. “दाराला पाठ लावून. सगळा भार एका जागी येतो.”

“म्हणजे वजन माझंच लागणार,” बायको म्हणाली. तिने कुबडी टेकली आणि गाडीपर्यंत आली. उघड्या दारात तिने आत डोकावून पाहिले. आसनावर, गालिच्यावर, मग पुढे स्टिअरिंगवर तिची नजर गेली. तिथे ती थांबली.

“फडकं आहे,” ती म्हणाली. “फडकं असताना बसायचं नाही, असा कायदा आहे ना तुमचा?”

“आहे.”

“मग मी कशी बसू?”

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर बोगद्यात नव्हती ती भीती आता दिसत होती. सगळे होऊन गेल्यावर सावकाश येणारी, ओठांच्या कडेला थरथरणारी. मिस्त्रींनी लेकीकडे पाहिले. फडके लेकीने बांधले होते आणि कायद्याने तिनेच ते सोडायला हवे होते. लेक जागची हलली नाही. “तुम्ही सोडा, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या वतीनंच बांधलं होतं मी.”

मिस्त्री पुढच्या दारातून आत वाकले. गाठीला हात लावला. त्यांनी हात काढून घेतला. ते पुन्हा बॉनेटकडे गेले. बल्बाचे दोन्ही जोड ओढून पाहिले. बॅटरीची तार पाहिली. ती हातानेच आवळलेली होती आणि तशीच ठेवली होती. लेकीला त्यांनी बॅटरीपाशी उभे केले, तारेवर हात ठेवायला लावला. क्रेनवाल्याला मागच्या दाराशी उभे केले. आसनाखाली डोके घालून त्यांनी पुन्हा एकदा सगळीकडे बोट फिरवले. ऊब कुठेच नव्हती. फोन वाजला, शिंपी असावा. त्यांनी तो घेतला नाही. एवढी तपासणी त्यांनी कुणा गिऱ्हाइकाच्या गाडीची कधी केली नव्हती, आणि कुणी त्यांना घाई करत नव्हते. बायको कुबडीवर रेलून उभी होती, त्यांच्या हातांकडे बघत.

मग त्यांनी गाठी सोडल्या. पहिली लवकर सुटली. दुसरी लेकीने घट्ट मारली होती. तिला दात लावावे लागले. फडके हातात आले तसे ते त्यांनी नीट घडी करून बायकोच्या हातात दिले.

बायकोने ते मुठीत धरले. क्रेनवाल्याने तिचा पाय अलगद उचलला. ती आधी आसनाच्या कडेवर टेकली, मग हळूहळू मागे सरकली आणि डाव्या कोपऱ्यात, आपल्या नेहमीच्या जागेवर, सगळ्या भाराने बसली.

बल्ब भगभगून पेटला. भर उन्हातसुद्धा त्याच्याकडे बघवेना.

“तोडू का?” बॅटरीपाशी उभ्या लेकीने विचारले.

“थांब,” मिस्त्री म्हणाले. ते दाराशी गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचा हात आसनाखाली, बायकोच्या वजनाखाली, कोपरापर्यंत गेला होता. बोटांना स्प्रिंगचे मोडलेले टोक लागले, त्याच्याखाली चेपलेली तार लागली. तार गार होती. त्यांनी ती एका बोटाने हळूच बाजूला उचलली, तसा बल्ब विझत विझत पुन्हा लाल रेघेवर आला. सोडली, पेटला. उचलली, विझला.

“म्हणजे मी मागे बसले की…” बायको म्हणाली.

“हो.”

“विजेला माणसं ओळखता येत नाहीत म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो,” मिस्त्री म्हणाले. “तू सांगितलं होतंस, आणि मी हसलो होतो.”

क्रेनवाल्याने तिला उतरवायला हात पुढे केला, तो तिने मानेनेच थांबवला. तिला आणखी थोडे बसायचे होते. मिस्त्रींनी ती तार बोटावर तशीच तोलून धरली. हाताला रग लागली होती, पण त्यांनी तो काढला नाही.